चार महिन्यांचा बंद समुद्र : गास ते गोवा, किनाऱ्यावरील मद्यविक्रीच्या मंद हंगामाचा इतिहास

१.
नालासोपाऱ्याहून पश्चिमेस निघालो की सोपाऱ्याच्या पुढे गास लागते. भाजीपाल्याच्या वाड्या, मिठागरे, सांत गोन्सालो गार्सियाचे चर्च, आणि आणखी पश्चिमेस भुईगाव, कळंब, राजोडीची वाळू. मे महिन्यात या वाळूवर मुंबईकरांची जत्रा असते. जूनच्या पहिल्या पावसानंतर तेथे ताडपत्रीखाली रचलेल्या खुर्च्या आणि बंद दारे उरतात. पर्यटनाच्या व्यवसायात या काळाला ‘ऑफ सीझन’ म्हणतात. आजचा धागा त्या काळाचा आहे. प्रश्न एकच : समुद्र चार महिने बंद असतो, तेव्हा किनाऱ्यावरील मद्यविक्रीच्या धंद्याचा भार कोण वाहतो?

२.
हा प्रश्न केवळ आपला नाही. थायलंडच्या अंदमान किनाऱ्यावर, फुकेत बेटावरील पातोंग येथे, साधारण मे ते ऑक्टोबर हा मंदीचा काळ असतो. तेथील बार रिकामे करणारा वारा आणि आपल्या कळंबची वाळू ओस पाडणारा वारा मुळात एकच, नैऋत्य मोसमी वारा. मात्र पर्यटक येण्यापूर्वी कितीतरी शतके आपला किनारा हा हंगाम पाळत होता. म्हणून कथा बारपासून सुरू करता येत नाही. ती बंदरापासून सुरू करावी लागते.

३.
गासच्या शेजारचे सोपारे, म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही येथेच सापडला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भरुचच्या दक्षिणेकडील व्यापारी गावांत सोपारे आणि कल्याण यांची नावे येतात. त्याच ग्रंथात भरुचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत मद्य आहे : इटलीचे सर्वांत पसंतीचे, त्याखेरीज लाओडिसियाचे आणि अरबस्तानचे. ही जहाजे इजिप्तमधून जुलैच्या सुमारास निघत आणि मोसमी वाऱ्यावर येत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही या भागातील परदेशी मद्याचा पेला वाऱ्याच्या वेळापत्रकावर भरत असे.

४.
वारा जहाजे आणतो, तसा त्यांना अडवतोही. ऐन पावसाळ्यात खुल्या किनाऱ्यावर गलबत लावणे धोक्याचे. म्हणून कोकणात ‘आगोट’ हा शब्द रुजला. पावसाळ्याचे तोंड, होड्या वाळूवर ओढून शाकारण्याची आणि घरात धान्य, सुकी मासळी, सरपण भरून ठेवण्याची वेळ. वसईच्या मोहिमेतही हे गणित होते. चिमाजी आप्पांच्या सैन्याने मे १७३९ मध्ये, पावसाच्या तोंडावर, वसईचा किल्ला घेतला. श्रावणात नारळी पौर्णिमेला सागराला नारळ वाहिला की समुद्र पुन्हा खुला. आजही पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. कायद्याची भाषा नवी आहे. तिच्यामागचे पंचांग मात्र जुने.

५.
या पंचांगात मद्याचे स्थान कोठे? किनाऱ्याचे घरचे पेय होते माडी आणि ताडी. माडाची पोय छेवून, तिला मडके बांधून, थेंबथेंब रस गोळा करायचा. पहाटेचा ताजा गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढू लागले की तोच आंबून माडी होतो. ताडाच्या झाडाची ती ताडी. हे काम प्रामुख्याने भंडारी समाजाचे. माडी हे केवळ नशेचे पेय नव्हते. तिच्यापासून शिरका होई, आणि वसईच्या ख्रिस्ती घरांत सणाच्या फुग्यांचे पीठ माडीने फुगवले जाई.

६.
या धंद्याची अडचण रसातच होती. माडी टिकत नाही. काही तासांत ती आंबट होते, पुढे तिचा शिरकाच होतो. म्हणून आज काढलेली आजच विकायची. पावसाळ्यात शेवाळलेल्या बुंध्यावर चढणे जिवावरचे काम, वादळात तर अशक्य. मडक्यात पावसाचे पाणी शिरले तर रस पातळ होतो. गिऱ्हाईकही घटते. खलाशी घरी, मिठागरे पाण्याखाली, मजूर भातलावणीस. थोडक्यात, पिणारा, काढणारा आणि पेय, तिघांचाही हंगाम एकाच वेळी मंदावे. तरीही धंदा तग धरून राही, कारण त्याला वर्षभर सांभाळायचे असे फारसे काही नव्हते : एक कोयता, काही मडकी, आणि पावसात शेतीचा आधार.

७.
मग आला १८७८ चा मुंबई अबकारी कायदा. सरकारला मद्यापासून ठरलेला, हमखास महसूल हवा होता. झाड छेवण्यास परवाना आणि झाडागणिक कर अशी व्यवस्था घट्ट झाली. गाळपही ठरावीक, देखरेखीखालील ठिकाणी आणण्याचे धोरण आले. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. कर झाडावर होता, रसाच्या मापावर नव्हता. झाडाने भरपूर रस दिला काय किंवा वादळामुळे आठ दिवस मडकेच बांधता आले नाही काय, झाड एकच आणि कर तोच. निसर्गाची अनिश्चितता पूर्वी काढणारा, विकणारा आणि पिणारा वाटून घेत. आता तिचा मोठा वाटा काढणाऱ्याच्या खांद्यावर आला.

८.
ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीतही हेच झाले. तेथील मद्य मोहाच्या फुलांचे, आणि फुले पडतात उन्हाळ्यात. ती वाळवून साठवता येत, म्हणजे आदिवासी कुटुंबाला पावसाळ्याची तरतूद करता येई. १८९२ च्या मोहवा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ही फुले साठवण्यावरच निर्बंध घातले. घरगुती गाळप थांबवणे हा हेतू. परिणाम असा की जो मंद काळ लोक साठवणीच्या बळावर पार करीत, त्या साठवणीलाच गुन्ह्याचे रूप आले.

९.
सीमेपलीकडे गोव्यात काय घडत होते? २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. तो १८८० पासून १८९२ पर्यंत लागू होता. मुरगावच्या रेल्वेसाठी तो प्रसिद्ध आहे. पण त्याच कराराने पोर्तुगीज हिंदुस्थानात ब्रिटिश धर्तीची अबकारी पद्धत नेली. कारण उघड होते : गोव्यात माडी आणि फेणी स्वस्त राहिली, तर ती चोरवाटेने ब्रिटिश मुलखात येणार. त्यामुळे गोव्याच्या माडांवरचा बोजाही वाढला आणि तेथील रेंदेरांत, म्हणजे माडी काढणाऱ्यांत, असंतोष पसरला. एकाच किनाऱ्यावर, दोन ध्वजांखाली, जवळजवळ एकच हिशेब लागू झाला.

१०.
आता बाहेरचे गिऱ्हाईक येते. १८६४ मध्ये बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग वसईवरून मुंबईच्या ग्रँट रोडला पोहोचला. १८६७ मध्ये विरार ते मुंबई अशी पहिली उपनगरी गाडी धावली आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेवरची गाडी आली. समुद्रावर एक दिवस काढून रात्री घरी परतणे मुंबईच्या सामान्य माणसाला शक्य झाले. वसईच्या किनाऱ्यावरचा आजचा पर्यटक हा मूलतः रेल्वेचा प्रवासी. तो रविवारी येतो, सणाला येतो, उन्हाळी सुट्टीत येतो. पावसात मात्र तो माळशेज घाटात किंवा लोणावळ्याला जातो. म्हणजे जुन्या हंगामावर नवा हंगाम चढला, आणि दोघांचाही खड्डा एकाच जागी पडला.

११.
हे गिऱ्हाईक स्थिरावत होते, तोच मुंबई राज्यात दारूबंदी आली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आणि एप्रिल १९५० पासून संपूर्ण बंदी. मोरारजी देसाई या धोरणाचे खंदे पुरस्कर्ते होते. माडीचे उघड दुकान गेले, हातभट्टी आली. मुंबईत ख्रिस्ती वस्त्यांतील ‘आंटीचा अड्डा’ हा शब्दप्रयोग याच काळातला. बेकायदा धंद्याला परवाना शुल्क नसते, पण हप्ता असतो, आणि हप्त्यालाही पावसाळ्याची सवलत नसते. आपल्या किनाऱ्यावर कायदेशीर बारची परंपरा उशिरा सुरू होण्याचे कारण या कालखंडात आहे.

१२.
साठ-सत्तरच्या दशकांत बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली, पण कायदा रद्द झाला नाही. म्हणूनच महाराष्ट्रात मद्यालयाच्या पाटीवर आजही ‘परमिट रूम’ लिहिलेले दिसते : पिणाऱ्याकडे परवाना असावा, आणि परवानाधारकाने तो जेथे वापरायचा ती ही खोली. विक्रेत्याचा परवाना एफएल-३ या नावाने ओळखला जातो. त्याचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च आणि शुल्क वार्षिक. शहरातल्या हमरस्त्यावरील परमिट रूमला यात वावगे वाटत नाही, तिचे गिऱ्हाईक बारमाही. वाळूकाठच्या परमिट रूमसाठी मात्र या वर्षाचे पहिले दोन महिने गर्दीचे, पुढचे चार ओस, आणि उरलेले शनिवार-रविवारचे.

१३.
वसई-विरारच्या किनारपट्टीवर, अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब अशा गावांत, गेल्या काही दशकांत रिसॉर्ट उभे राहिले. त्यांचा पावसाळा कसा जातो, हे समजण्यास गुंतागुंतीचे गणित लागत नाही. शुल्क, कर्जाचा हप्ता, विजेचा किमान आकार, खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या पत्र्याची डागडुजी, हे खर्च बारमाही. बुडण्याच्या दुर्घटना टाळण्यासाठी प्रशासन पावसाळ्यात किनारे आणि धबधबे यांवर जाण्यास मनाईचे आदेश काढते, तेव्हा उरलासुरला रविवारही जातो. हे आदेश अनाठायी नाहीत, भरतीच्या ओढीत खरोखर माणसे गेली आहेत. मग मालक जो खर्च सर्वांत सहज कमी करता येतो, तो कमी करतो. म्हणजे माणसे. वाढपी, आचारी, सफाई करणारी बाई यांना ‘गणपतीनंतर या’ असे सांगितले जाते.

१४.
गोव्याने वेगळा मार्ग काढला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. साठच्या दशकाच्या अखेरीस हिप्पी कळंगुट आणि हणजूणच्या वाळूवर उतरले. १९७४ मध्ये आग्वाद किल्ल्यापाशी ताजचे हॉटेल उभे राहिले, आणि ऐंशीच्या दशकात युरोपातून चार्टर विमाने येऊ लागली. युरोपातील माणूस स्वतःच्या हिवाळ्यापासून पळतो. त्यामुळे गोव्याचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च असा बसला, ऐन नाताळात त्याचा कळस. थायलंडचेही तेच. पट्टायाला व्हिएतनाम युद्धकाळात सुट्टीवर आलेल्या अमेरिकी सैनिकांनी वाढवले. युद्ध ओसरल्यावर मात्र युरोपचा हिवाळाच तेथील बारचा हंगाम ठरवू लागला.

१५.
या पर्यटकासाठी जन्मला शॅक : बांबू, माडाच्या झावळ्या, वाळूत रोवलेली टेबले. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतूद आली. सप्टेंबर ते मे या काळात परंपरेने उभारल्या जाणाऱ्या, निव्वळ तात्पुरत्या आणि हंगामी बांधकामांना तीत मान्यता होती. राज्याचे पर्यटन खाते शॅकचे परवाने हंगामापुरते देते आणि मेअखेर शॅक उतरवावा लागतो. इतिहासाच्या अभ्यासकाला यात एक महत्त्वाची गोष्ट दिसते. झाडावर कर बसवणाऱ्यांनी आगोटीकडे पाहिले नव्हते. येथे प्रथमच कायद्याने आगोट मान्य केली : समुद्र बंद, तर परवानाही बंद.

१६.
मग भार नाहीसा झाला का? नाही, तो पुढे सरकला. शॅकचा मालक बहुधा स्थानिक. त्याच्याकडे घर, होडी, एखादी भाड्याची खोली असते. आचारी आणि वाढपी मात्र अनेकदा उत्तर भारतातून, कर्नाटकातून, नेपाळमधून आलेले. मेअखेर त्यांचा पगार थांबतो. ते गावी जातात, आणि गावी तेव्हा पेरणी-लावणीचे दिवस असतात. थायलंडमध्येही बारमधील असंख्य कामकरी ईशान्येकडील ईसान प्रांतातले. मंदीत ते परततात तेव्हा तेथेही भातलावणीच चालू असते. म्हणजे किनाऱ्यावरील पर्यटनाचा रिकामा काळ दूरच्या एखाद्या गावातले भाताचे खाचर निभावून नेते. त्या खाचराचा उल्लेख पर्यटनाच्या हिशेबात कोठेही नसतो.

१७.
गोव्यात याहून जुनी संस्था आहे, ती गावातली ताव्हेर्न. ती पावसात बंद पडत नाही, आणि याची दोन कारणे आहेत. पहिले, तिचे गिऱ्हाईक गावचे. २४ जूनला, भर पावसात, सांजांवचा सण येतो. डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून मंडळी विहिरींत उड्या घेतात आणि फेणीचा पेला फिरतो. शॅक उतरलेले असताना ताव्हेर्नला मात्र सण असतो. दुसरे कारण पेयाचे. काजूची बोंडे उन्हाळ्यात पिकतात आणि त्यांचे गाळप पावसाआधी उरकते. हुर्राक त्याच हंगामात संपते, फेणी मात्र टिकते. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही काजूची फेणी म्हणजे एका अर्थी मद्यातली आगोटच : उन्हात भरून ठेवलेली, पावसात पुरवलेली.

१८.
२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली. एप्रिल-मेची सारी कमाई बुडाली आणि लगेच पावसाळा आला. म्हणजे मंद हंगाम दोन महिने आधीच सुरू झाला. परमिट रूमचे नवे वर्ष १ एप्रिलला, बंद दारांआडच, उजाडले. ज्यांचे गिऱ्हाईक गावचे होते, ज्यांना वाडी, होडी किंवा शेत होते, त्यांना थोडा तरी आधार होता. ज्यांचा सारा संसार बाहेरून येणाऱ्या पाहुण्यावर उभा होता, त्यांचे हाल झाले. एरवी दरवर्षी चार महिने जे हळूहळू आणि दृष्टीआड घडते, ते त्या वर्षी एकदम आणि सर्वांसमोर घडले.

१९.
या साऱ्यातून हाती काय लागते? पाऊस हा या किनाऱ्यावरचा अपघात नव्हे. तो ठरलेल्या वेळी येतो आणि दोन हजार वर्षे येत आहे. त्याला सामोरे जाण्याच्या रीतीही येथेच घडल्या : साठवणे, शाकारणे, दुसऱ्या कामाचा आधार ठेवणे, आणि गावच्या माणसाला गिऱ्हाईक मानणे. अडचण तेव्हा झाली, जेव्हा आठ महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांचा आकार बसला. १८७८ मध्ये तो भंडाऱ्याच्या झाडावर बसला, पुढे परमिट रूमच्या परवान्यावर, आणि शॅकच्या बाबतीत तो वाढप्याच्या पगारावर उतरला. प्रत्येक वेळी नियम वरून आला आणि भार खाली गेला.

२०.
पुढच्या वेळी जूनमध्ये कळंबला किंवा अर्नाळ्याला गेलात, तर लाटांपासून दूर राहा आणि बंद दुकानांकडे जरा निरखून पाहा. कोणी काय झाकले आहे, कोण गावी गेले आहे, कोण अजून दार किलकिले ठेवून बसले आहे, हे पाहिले की किनाऱ्याचा आर्थिक इतिहास वाचता येतो. परतताना गासवरून या. तेथील मिठागरेही तेव्हा पाण्याखाली असतात. मिठागराच्या मालकाला आणि मजुराला पावसाळ्यात मीठ पिकत नाही याचे नवल वाटत नाही, त्यांच्या कामाचा हिशेबच त्या चार महिन्यांसह मांडलेला असतो. वाळूवरच्या धंद्याचा हिशेब अजून तसा मांडायचा आहे.

धागा समाप्त. आपल्या गावी आगोटीच्या काळात कोणते धंदे बंद होत आणि घरातली माणसे तेव्हा काय काम करीत, हे आजी-आजोबांना विचारा आणि खाली अवश्य लिहा. हा इतिहास अजून बराचसा त्यांच्याच स्मरणात आहे.